हनुवटीवरचे केस आणि न्यूयॉर्कचं यंत्र

पाळी जायला लागली की अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोप मोडते, गुडघे धरतात, हे आपण एकमेकींना सांगतो. गटाच्या बैठकीतही आता त्यावर बोलणं होतं. पण हनुवटीवर दोन-चार राठ केस उगवले, ओठावरची लव काळी दिसायला लागली, तर त्याबद्दल कुणी बोलत नाही. दार लावून, आरशासमोर, एकटीनं ते उपटायचे. आज मी याच केसांचा थोडा इतिहास सांगणार आहे. तो लांबच्या देशातला आहे, पण शेवटी आपल्या गावच्या मेडिकल दुकानापर्यंत येतो.

आधी हे केस येतात कुठून ते पाहू. प्रत्येक बाईच्या शरीरात बायकी संप्रेरकासोबत थोडं पुरुषी संप्रेरकही असतंच. संप्रेरक म्हणजे डॉक्टर ज्याला हार्मोन म्हणतात ते. पाळी जाताना बायकी संप्रेरक, म्हणजे इस्ट्रोजेन, झपाट्यानं कमी होतं. पुरुषी संप्रेरक मात्र हळूहळू उतरतं. त्यामुळे काही वर्षं त्याचं पारडं जड राहतं, आणि हनुवटीवरची, ओठावरची मऊ लव राठ होते. त्याच काळात कातडी पातळ आणि कोरडी पडते, खाज सुटते, उन्हाचे डाग ठळक दिसतात. हा आजार नाही आणि कसलं पापही नाही. आपल्या आज्यांनाही हे होत होतं, फक्त तेव्हा घरात मोठा आरसा नव्हता.

आता इतिहासाकडे वळू. १८९५ साली जर्मनीत राँटगेन नावाच्या शास्त्रज्ञाला क्ष-किरण सापडले. हाड मोडलं की आपण ज्याचा फोटो काढतो तोच हा एक्स-रे. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना शहरात फ्रॉइंड नावाच्या डॉक्टरानं एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर हे किरण सोडले. केस गळून पडले, आणि डॉक्टर मंडळी हरखून गेली. त्या जागी पुढे जखमा झाल्या आणि त्यांचे व्रण त्या मुलीला जन्मभर राहिले, ही गोष्ट मात्र फारशी कुणी कानावर घेतली नाही.

पुढे १९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या आल्बर्ट गायझर नावाच्या डॉक्टरानं एक यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ट्रायको. दवाखान्यात नव्हे, तर ते सरळ ब्युटी पार्लरमध्ये बसवलं जायचं. लाकडी कपाटासारखं दिसणारं यंत्र, त्याला एक छोटी खिडकी. बाईनं खुर्चीवर बसायचं, गाल किंवा हनुवटी खिडकीला लावायची, काही मिनिटं यंत्र गुणगुणायचं, की झालं. दुखत नाही, खुपत नाही, रक्त नाही. काही फेऱ्या झाल्या की केस झडायचे. यंत्र चालवणारी पार्लरवाली डॉक्टर नसायची, थोडं शिकवून तिच्या हातात ते दिलेलं असायचं. केस पुन्हा येणार नाहीत अशी जाहिरात असे. अशा धंद्यात बऱ्याच जणांनी एक्स-रे हा शब्दच टाळला आणि किरणांना भलतीच गोंडस नावं दिली.

विचार करा, त्या बाया कशा फसल्या असतील. गोरगरीब, अडाणी म्हणून नव्हे. शहरात राहणाऱ्या, लिहिता-वाचता येणाऱ्या बायाच त्या. पण चेहऱ्यावरच्या केसांची लाज अशी, की नवऱ्यालाही सांगायचं नाही. जी गोष्ट लपून करायची, तिची चौकशी करायला बाई जाणार कुणाकडे?

काही महिन्यांनी, काहींना काही वर्षांनी, कातडी सुकायला लागली. पांढरे-तपकिरी डाग पडले, सुरकुत्या आल्या, न भरणाऱ्या जखमा झाल्या. कित्येक जणींना वीस-पंचवीस वर्षांनी त्याच जागी कर्करोग निघाला. १९२९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं उघड इशारा दिला आणि १९३० च्या सुमारास ट्रायकोचा धंदा बसला. तरी तसलीच यंत्रं दुसऱ्या नावांनी चोरून पुढे चालत राहिली.

यंत्र गेलं तर डबी आली. १९३० साली कोरेमलू नावाचं क्रीम निघालं. रात्री लावा, हळूहळू केस जातील. त्यात थॅलियम होतं. थॅलियम म्हणजे उंदीर मारायला वापरायचे ते विष. ओठावरचे केस घालवायला निघालेल्या बायांच्या डोक्याचे केस पुंजक्यानं गळू लागले. पायांत असह्य कळा, हातापायातली ताकद गेली, काहींची नजर अधू झाली. दोन वर्षांत नुकसानभरपाईच्या दाव्यांखाली कंपनी बुडाली. पण सरकार तिला थांबवू शकलं नव्हतं, कारण अमेरिकेचा १९०६ चा कायदा अन्न आणि औषधांपुरता होता. चेहऱ्याला लावायच्या क्रीमला तो लागूच नव्हता.

यापुढचा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो. १९३३ साली तिथल्या सरकारी खात्यानं अशा घातक मालाचं एक प्रदर्शन मांडलं. त्यात कोरेमलूची डबी होती, आणि ज्या रंगानं पापण्या रंगवून एका बाईचे डोळे गेले तो रंगही होता. बातमीदारांनी त्याला 'भयानक वस्तूंची खोली' असं नाव दिलं. मग बायकांच्या मंडळांनी, आपल्या महिला मंडळांसारख्याच संघटनांनी, हा विषय उचलून धरला. ठराव केले, लोकप्रतिनिधींना पत्रं धाडली, वर्षानुवर्षं रेटा लावला. औषध कंपन्या आणि जाहिरातवाले विरोधात उभे होते, म्हणून पाच वर्षं गेली. १९३७ साली एका विषारी औषधानं शंभरावर माणसं दगावली, त्यात पुष्कळ लेकरं होती. तेव्हा कुठे १९३८ मध्ये नवा कायदा झाला आणि सौंदर्यप्रसाधनं त्याच्या कक्षेत आली. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० चा, आणि त्यात सौंदर्यप्रसाधनं आली ती १९६२ च्या दुरुस्तीनं.

मधेच एक शंका काढून टाकते, कारण ती प्रत्येक पार्लरमध्ये ऐकायला मिळते. ब्लेड फिरवलं की केस जाड होतात म्हणतात ना? १९२८ साली सेंट लुईस शहरातल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी हे तपासून पाहिलं. ब्लेडनं केस जाड होत नाहीत आणि जास्त वेगानंही वाढत नाहीत. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढंच. पुढे महायुद्धात मेलेल्या सैनिकांची हाडं ओळखण्याचं कामही याच ट्रॉटरबाईंनी केलं.

आता आपल्या गावात येऊ. इथे ट्रायको नाही, कोरेमलू नाही. इथे मेडिकल दुकानात मिळणारी छोटी ट्यूब आहे. ती असते इसबासारख्या त्वचेच्या सूजेसाठी, डॉक्टरनं सांगितली तर, थोडे दिवस लावायची. पण वांग आले, चेहरा काळवंडला, की कुणीतरी सांगतं, "ही लाव, आठ दिवसांत उजळशील." आणि खरंच उजळतं! म्हणूनच बाई फसते. त्यात स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने लावलं तर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात आणि चेहऱ्यावर केस वाढतात. म्हणजे वयानं आलेले चार केस, त्यात ट्यूबनं आणलेले आणखी. बंद करावी तर चेहऱ्याची आग होते, म्हणून ती परत लावते. भारतातल्या त्वचारोग तज्ज्ञांनी २००८ साली अशा चेहऱ्याला वेगळं नाव देऊन ही तक्रार मांडली. २०१८ साली सरकारनं अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. प्रत्यक्षात ती अजूनही मागितली की मिळतात, हे तुम्हाला-मला दोघींनाही ठाऊक आहे.

मग केसांचं करायचं काय? काहीच केलं नाही तरी चालतं. काढायचेच तर दोरा, स्वच्छ चिमटा, नाहीतर ब्लेड, तिन्ही चालतील. शहरात लेझर करतात, पण पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, पैसे देण्याआधी हे विचारून घ्या. विजेच्या बारीक सुईनं एकेक केस मुळातून काढायची रीत १८७५ पासूनची आहे. ती पांढऱ्या केसांवरही चालते, पण जाणत्या हाताकडूनच करून घ्यावी. कोरड्या कातडीसाठी अंघोळीचं पाणी फार कढत नको, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावायचं. रानात जाताना पदर चेहऱ्यावर घ्यायचा.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. केस अगदी थोड्या महिन्यांत भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावर पुरुषासारखं टक्कल पडायला लागलं, तर लगेच डॉक्टरकडे जायचं. अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असली तर असं होऊ शकतं.

घरात ट्यूब असेल तर आज संध्याकाळी बाहेर काढा. तिच्यावर लाल उभी रेघ आहे का बघा. रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असं औषध. नावं इंग्रजीत, बारीक अक्षरात असतात, शाळेत जाणाऱ्या नातवंडाला वाचायला सांगा. शोधायची नावं तीन: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन. बरेच महिने लावत असाल तर एकदम टाकून देऊ नका, ट्यूब घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू सोडवतील. वही-पेन घेतलं असेल तर नावं पुन्हा सांगते. बीटामेथासोन. क्लोबेटासोल. मोमेटासोन.