देवीचे दार कोणाला?

श्रोतेहो, आम्ही कामगार चळवळीतले. देवीच्या कथा ऐकताना आमची नजर आधी तिच्या दाराकडे जाते.

रोममध्ये इ. स. पूर्व 494 साली कर्जाने गांजलेल्या सामान्य जनांनी लढाईवर जाण्याचे नाकारले आणि ते शहराबाहेर टेकडीवर जाऊन बसले. संपच तो! त्यातून त्यांना स्वतःचे ‘ट्रिब्यून’ मिळाले. पुढच्याच वर्षी धान्यदेवता सीरीझचे देऊळ झाले, आणि तेच या लोकांचे ठाणे बनले. ट्रिब्यूनवर हात टाकणाऱ्याची मालमत्ता देवीच्या नावे जप्त होई.

सीरीझच्या मुलीला पाताळाच्या राजाने पळवले. रुक्मिणीहरण आमच्या अंबादेवीच्या देवळातून झाले, असे अमरावतीकर सांगतात. मात्र रुक्मिणीने आपणहून निरोप धाडला होता, हा फरक लहान नव्हे.

पण वऱ्हाडचा कापूस वेचणाऱ्या अस्पृश्यांना याच अंबेच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यासाठी 13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीस डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पुढे 1928 साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. विहिरी कौन्सिलच्या हाती होत्या. देवळाची किल्ली पंचांकडे होती.