मेडिकल कॉलेज ट्रस्टचं, मग फी एवढी का?

नीटचा निकाल लागला की पिंपरी, भोसरी, चाकणमधल्या कामगार पालकांचा हा प्रश्न ठरलेला. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

1969. गांधी जन्मशताब्दीचं वर्ष. डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. चालवणारी कस्तुरबा हेल्थ सोसायटी, म्हणजे संस्था सरकारी नाहीच. पण खर्चाची वाटणी ठरली: 50 टक्के केंद्र, 25 टक्के राज्य, 25 टक्के संस्था. पुढे आसपासच्या गावकऱ्यांनी वर्गणी म्हणून ज्वारी देऊन आरोग्य विमा घेतला, तोही इथेच.

1983 च्या सुमारास वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं. राज्यातल्या जागा वाढल्या, हे खरंच. पण सरकारने पैशातून अंग काढून घेतलं. मेडिकल कॉलेजला शेकडो खाटांचं हॉस्पिटल लागतं, आणि तिथला गरीब पेशंट सगळा खर्च भरू शकत नाही. मग तूट कोण भरणार? विद्यार्थ्याचा बाप! वर डोनेशनचं पेव फुटलं. शेवटी 1987 मध्ये कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला.

पुढची लढाई सुप्रीम कोर्टात. 2002 च्या टी. एम. ए. पै निकालाने सांगितलं, संस्थेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी नको. 2005 मध्ये आपल्या पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या खटल्यात तेच पक्कं झालं. 2015 च्या कायद्याने राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आलं, पण अभिमत विद्यापीठं त्याच्या कक्षेबाहेर. पिंपरीतलं डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेज 1996 चं. 2003 पासून तेही अभिमत विद्यापीठात आहे, म्हणजे तिथली फी हे प्राधिकरण ठरवत नाही.

तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्या. ना-नफा म्हणजे स्वस्त नव्हे. ना-नफा म्हणजे शिल्लक कुणी घरी न्यायची नाही, एवढंच. फी कमी राहते ती खर्चाचा वाटा दुसरं कुणी उचलतं तेव्हा. सेवाग्रामचा धडा तोच.

आपल्या हातात काय? ट्रस्टचे ऑडिट झालेले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, ते मागा. धर्मादाय हॉस्पिटलमध्ये 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात, त्या मागा. आणि निवडणुकीत कुणी नव्या मेडिकल कॉलेजची घोषणा केली, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारा: साहेब, अनुदान किती, आणि किती वर्षं?