बोर्डिंगची चूल

आमच्या वेळी कोल्हापुरात नवखा विद्यार्थी भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या बोर्डिंगात?" उत्तरात नाव, गाव आणि जात तिन्ही कळायचं. दसरा चौकात उभं राहिलं तर हाकेच्या अंतरावर जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं. माझे एक पुणेकर स्नेही म्हणतात, तुमच्या राजानं शिक्षण दिलं खरं, पण जातींचे कप्पे करून.

त्यांना मी 1896 साल सांगतो. शाहू महाराजांनी राजाराम कॉलेजला जोडून काढलेलं पहिलं वसतिगृह सगळ्या जातींच्या मुलांसाठीच होतं. दार उघडं होतं, पण कारभार ब्राह्मण मंडळींच्या हातात राहिला आणि थोड्याच वर्षांत तिथं ब्राह्मण मुलंच उरली. माझ्या मते खरी अडचण खोल्यांची नव्हती, चुलीची होती. रांधायचं कुणी, पंक्तीला कोण बसणार, उष्टं कोण काढणार? यावर तोडगा निघेपर्यंत कुणब्याच्या पोरानं राहायचं कुठं? महाराजांनी वाट पाहिली नाही. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैनांचं. 1906 साली मुस्लिमांचं. त्या संस्थेचे अध्यक्ष खुद्द महाराजच झाले. मग लिंगायतांचं, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. हे नाव मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीचं. जागा, इमारत, उत्पन्न दरबारातून मिळे. चालवायची जबाबदारी त्या त्या समाजावर. पोरांच्या ताटासाठी आपणच वर्गणी काढायची ही सवय या बोर्डिंगांनी लावली, आणि मला ती इमारतींपेक्षा मोठी वाटते.

मी गारगोटीकडनं आलो तोवर, सत्तरच्या दशकात, जातीचा कडकपणा बराच उतरला होता. पण मेसचे पैसे सगळ्यांना परवडत नव्हते. आमचं जेवण एसटीनं यायचं. जर्मनचा डबा, झाकणावर ऑइलपेंटनं नाव आणि गाव, वर फडक्याची गाठ. आई पहाटे भाकऱ्या थापायची, धाकटा भाऊ डबा फाट्यावर नेऊन कंडक्टरच्या हाती द्यायचा. आम्ही स्टँडवर गाडीची वाट बघत उभे. टपावरनं डबे खाली आले की गलका. झुणका, खर्डा, सुगीत पावट्याची उसळ. आमच्यातला एक जण मुस्लिम बोर्डिंगातला. त्याच्या गावची गाडी पावसाळ्यात हमखास अडकायची, मग तो आमच्यात बसायचा. आमची अडकली की आम्ही त्याच्यात. रेक्टरांना ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नाही.

चुली एकत्र आणल्या होत्या त्या आमच्या कितीतरी आधी, भाऊराव पाटलांनी. ते स्वतः जैन बोर्डिंगात राहिलेले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले आणि परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना जैन बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. 1924 साली साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसवली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. वेगवेगळी बोर्डिंगं काढणाऱ्या राजाचंच नाव एकत्र बोर्डिंगाला! मला यात विसंगती दिसत नाही. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. अस्पृश्याच्या पोराला शेजारी बसवून जेवू घालण्यासाठी त्या काळी एका बाईनं हे करावं, याची किंमत आज मोजता येत नाही.

माझा तोच धाकटा भाऊ पुढं सातारा भागातल्या एका वसतिगृहात राहिला. खोलीत चार पोरं, चार जातींची. पत्रात मात्र त्याविषयी कधी ओळ नसे. भांडण असायचं ते एकाच गोष्टीवरनं, भांडी घासायची पाळी कुणी चुकवली.