बरे झालेल्यांचं दुखणं

हिंदमाताच्या कापडबाजारातून परळकडे चालत गेलं की थोड्याच वेळात टाटा रुग्णालय येतं. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे त्यांचे पती सर दोराबजी यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केलं. तेव्हा सगळ्यांपुढे एकच प्रश्न असे, माणूस वाचेल का? वेदना सोसायचीच, असं डॉक्टरही धरून चालत.

१९६०च्या दशकात लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी सांगितलं की शरीराचं दुखणं, भीती, घरची काळजी आणि पैशाची चिंता वेगळी काढता येत नाही. मराठीला हे नवं नाही. आपल्याकडे ‘दुखणं’ म्हणजे आजारही आणि वेदनाही. १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं. पण आदल्याच वर्षी आलेल्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळणं फार अवघड झालं होतं. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं.

हे सारं मुख्यतः अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांसाठी. जे बरे झाले, त्यांना कुणी फारसं विचारलं नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर काख आणि दंड वर्षानुवर्षं ठणकतो. काही केमोंनंतर तळपायांना मुंग्या येत राहतात. तोंडाच्या कर्करोगात तर जबडा आखडतो आणि बोलणंच तुटक होतं. शिवाय ‘वाचलात ना, मग आता कसली तक्रार?’ हे घरचे बोलतात, आणि रुग्ण स्वतःलाही तेच सांगतो.

अमेरिकेत अ‍ॅनेट स्टँटन यांनी २००२ साली स्तनकर्करोगाच्या ६० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी मनातलं मोकळेपणाने लिहून काढलं, त्यांच्या शारीरिक तक्रारी तीन महिन्यांनी कमी होत्या. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत असा फायदा दिसला नाही, म्हणून वही म्हणजे औषध नव्हे. मुंग्या नसांच्या इजेमुळे येतात, त्यावर औषधं आहेत. नवं किंवा वाढतं दुखणं तर तपासूनच घ्यायला हवं. पण मनात कोंडलेल्या भीतीने झोप उडते, स्नायू आखडतात आणि तेच दुखणं दुप्पट वाटतं.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण एकत्र राहतात. शेजारच्या खाटेवरचाही त्याच वाटेने गेलेला असतो. दवाखान्यात मात्र माझे रुग्ण ‘काही नाही, बरं आहे’ म्हणतात. मी हल्ली पुन्हा विचारतो, रात्री कुठे दुखतं? बऱ्याचदा आधी डोळे भरतात, मग हात काखेकडे जातो.