तणनाशक आणि मातीतली वस्ती

बारामती-इंदापूर पट्ट्याला मातीच्या अभ्यासाची जुनी परंपरा आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, त्यामागून ऊस आला आणि पुढे कित्येक जमिनी चोपण झाल्या. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे या कृषिशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवरचा आपला अहवाल १९१० मध्ये प्रसिद्ध केला. मिठाचा प्रश्न तेव्हापासून अभ्यासकांपुढे आहे. त्याच मातीत राहणाऱ्या जिवाणू-बुरशींचा प्रश्न मात्र इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या गावातल्या वाचकाला अजून परका वाटू शकतो. त्याची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी हे लेखन.

खुरपणीला माणसे मिळेनाशी झाली, तशी उसात अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन, टू-फोर-डी ही तणनाशके रुळली. एकाच शेतात, लागणीला आणि पुन्हा खोडव्याला, वर्षानुवर्षे फवारणी झाली तर मातीचे काय होते? ‘जमीन मरते’ आणि ‘काहीच होत नाही’ ही दोन्ही उत्तरे तुम्ही ऐकली असतील. दोन्ही थोडी बाजूला ठेवा, कारण खरी हकीकत त्यांहून कितीतरी रंजक आहे.

अ‍ॅट्राझिनचेच पाहा. १९९५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी, जिथे हे रसायन सांडले होते त्या मातीतून, त्यावरच पोसणारा स्यूडोमोनास जिवाणू वेगळा केला. पुढे अनेक देशांत आढळले, की वारंवार अ‍ॅट्राझिन पडलेली माती ते झपाट्याने फस्त करते. ‘औषध पूर्वीसारखं चालत नाही’ या तक्रारीचे एक कारण असे मातीत दडलेले असू शकते. म्हणजे मातीतली वस्ती मार खाते तशी शिकतेही.

ग्लायफोसेट हे तणनाशक १९७४ मध्ये बाजारात आले. ते वनस्पतींमधली जी जैवरासायनिक वाट अडवते, ती अनेक जिवाणूंत आणि बुरशींतही असते. म्हणून शंका रास्त आहे. तरीही शिफारशीच्या मात्रेत मातीचा श्वसनवेग आणि एकूण सूक्ष्मजीवभार फारसा बदलत नाही, असे अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा सांगतो. इथे थोडे थांबा. एकूण भार तोच राहूनही आतली मंडळी बदलू शकतात, आणि हे डीएनए वाचण्यासारख्या पद्धतींशिवाय कळत नाही. म्हणून निष्कर्षापेक्षा आधी मोजमापाची पद्धत वाचा, असा माझा आग्रह आहे.

आपल्या भागासाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मातीचा सामू (पीएच). लव्हाळ्याच्या बंदोबस्तासाठी वापरले जाणारे हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक हेक्टरी शंभर ग्रॅमहूनही कमी लागते. पण ते ज्या सल्फोनिलयुरिया गटातले आहे, त्यातली अनेक रसायने विम्लधर्मी जमिनीत सावकाश विघटित होतात. आम्लधर्मी मातीतला दिलासा देणारा निष्कर्ष इंदापूरच्या चोपण जमिनीला जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरी बाजूही मोकळ्या मनाने पाहावी. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर आणि नेरळचे चंद्रशेखर भडसावळे या शेतकऱ्यांनी नांगरट टाळली, तणनाशकाने तण मारले आणि त्याची मुळे मातीतच कुजू दिली. त्या मुळांवर सूक्ष्मजीव पोसतात. तेव्हा तुलना कशाशी, हे प्रत्येक ठिकाणी विचारायला हवे: खुरपलेल्या रानाशी, नांगरलेल्या रानाशी, की पडीक माळाशी?

सुदैवाने ही तुलना इथे हाताशी आहे. कळस-कडबनवाडीच्या बाजूला गवताळ माळ आहेत, खाली ऊस आहे. तुम्ही सुरुवात करणार असाल तर एकाच पोताच्या तीन जागा निवडा: फवारणीची, खुरपणीची आणि माळाची. वरच्या १५ सेंटीमीटर थरातली माती घ्या आणि शेतावर कोणते औषध कोणत्या वर्षी पडले, हे मालकाला विचारून लिहून ठेवा. पहिली चाचणी डिहायड्रोजिनेज या विकराची करा. जिवंत मातीत मिसळलेला एक रंगहीन क्षार लाल होतो आणि रंगाच्या गडदपणावरून क्रियाशीलता मोजता येते. नेहमीच्या माती परीक्षणासाठी नमुना वाळवतात, तसा हा वाळवू नका. ओलसरच, थंड पेटीत घालून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवा.