उसन्या सामानाची टाकी

प्रवाळाची कलमं वाढवायची टाकी जवळून पाहिली, तर खास प्रवाळासाठी घडवलेली वस्तू तिच्यात फारशी दिसत नाही. उथळ काचेची टाकी. तळापासून थोडी वर प्लास्टिकची चौकटीदार जाळी, मुळात ऑफिसच्या छतावर ट्यूबलाइटखाली बसवायची. जाळीच्या घरांत सिमेंटच्या बुटक्या खुंट्या आणि त्यांवर सुपरग्लूने चिकटवलेले बोटाच्या पेराएवढे तुकडे. खारं पाणी, हीटर, छोटा पंप, दिवा. स्वस्ताईचं हे वळण या छंदात अगदी सुरुवातीपासून आहे.

१९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्राचं पाणी, समुद्रातलेच जिवंत जीव वस्तीला असलेले खडक आणि हवेचे बुडबुडे, एवढंच. गाळणयंत्र नाही. पाश्चात्त्य हौशी लोक तेव्हा मेलेल्या प्रवाळाचे पांढरे सांगाडे शोभेला ठेवत होते आणि टाकी जितकी निर्जंतुक तितकी चांगली असं मानत होते. एंग यांचं म्हणणं त्यांच्या पचनी पडायला बरीच वर्षं गेली.

पुढचा धडा चुन्याचा. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियम आणि कार्बोनेटपासून बांधतं. समुद्रात त्याला तोटा नाही, पण टाकीतला साठा बघता बघता आटतो. पीटर विल्केन्स यांनी १९७३ मध्ये जर्मन भाषेतल्या पुस्तकात उपाय सांगितला, तो चुन्याच्या निवळीचा. टाकीतलं जेवढं पाणी वाफ होऊन उडेल, तेवढी निवळी थेंबथेंब सोडायची. एकदम ओतली तर पाण्याचा सामू भसकन चढतो आणि जीव दगावतात. पानाच्या डब्यात असतो, रसायनाच्या दृष्टीने तोच हा चुना. या साऱ्या कुळकथेतला सर्वांत मोठा शोध मी यालाच म्हणेन. महागड्या दिव्यांचं कौतुक फार होतं, पण सांगाडा नुसत्या दिव्याने बांधला जात नाही.

बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत खडक, प्रखर दिवे, पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र आणि ही निवळी यांची सांगड घातली. त्यांच्यातल्या डीट्रिश स्ट्यूबर यांच्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा जातीचं एक प्रवाळ इतकं फोफावलं, की त्याच्या फांद्या तोडून ते वाटू लागले. शेजारणीने जास्वंदीची फांदी द्यावी तशा त्या युरोपभर हातोहात गेल्या आणि ‘स्ट्यूबरचं अ‍ॅक्रोपोरा’ म्हणूनच ओळखल्या गेल्या. यात निसर्गाविरुद्ध काही नव्हतं. वादळात मोडलेली अ‍ॅक्रोपोराची फांदी खडकात अडकली, की तिथेच धरते.

बाजारात १९५८ साली आलेला सुपरग्लूही इथे अनपेक्षितपणे कामी आला. तो ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून ओलं प्रवाळ चिकटवायला अडचण येत नाही. तुकडा बैठकीवर डकवायची कल्पना मात्र बरीच जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस वेलंड वॉन यांनी फ्लॉरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांपाशी प्रवाळं सिमेंटने चकत्यांवर बसवली होती. ती किती वाढतात, एवढंच त्यांना मोजायचं होतं.

फ्लॉरिडातच, जवळपास शंभर वर्षांनी, आणखी एक वॉन. मोट सागरी प्रयोगशाळेतले डेव्हिड वॉन टाकीतलं प्रवाळ हलवत असताना ते तुटलं आणि काही कण तळाला चिकटून राहिले. ते मेले असणार असं त्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात ते भराभर पसरले. आता तिथे मंद वाढणारं प्रवाळ करवतीने बारीक कापतात. एकाच प्रवाळाचे तुकडे जवळजवळ लावले, की वाढता वाढता एकमेकांत मिसळून जातात. असे तुकडे मग खचलेल्या प्रवाळभित्तींवर लावले जातात.

पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला मात्र कठीण प्रवाळाचं कलम घरी लावता येत नाही. २००१ पासून भित्ती बांधणारी सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत आहेत. मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ खडकावरून तोडणं हा गुन्हा आहे, मग तुकडा नखाएवढा का असेना.