बी पेरलेली भाग्यपत्रिका

विम्बल्डनची पहिली टेनिस स्पर्धा १८७७ साली झाली, तेव्हा विल्यम मार्शल हा खेळाडू उपांत्य सामना न खेळताच अंतिम फेरीत पोचला. नावं आली होती बावीस. पहिल्या फेरीनंतर अकरा उरले, मग सहा, मग तीन. तिघांच्या जोड्या लागणार कशा? मार्शलला पुढे चाल मिळाली, बाकीचे दोघे एकमेकांशी खेळले, आणि त्यांतला विजेता स्पेन्सर गोर अंतिम सामनाही जिंकला. योग्य माणसाच्या हाती करंडक गेला म्हणून बोभाटा झाला नाही. पण बाद पद्धतीच्या स्पर्धेत खेळाइतकीच चिठ्ठीही निर्णायक ठरते, हे त्या तीन नावांनी दाखवून दिलं होतं. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या भाग्यपत्रिकेपाशी मार्च महिन्यात अख्खा देश थबकतो, तिची कुळकथा इथून सुरू होते.

पुढे चाल कुणाला आणि कधी द्यायची, हा पेच बॅग्नल-वाइल्ड नावाच्या गृहस्थांनी १८८० च्या दशकात सोडवला. सगळ्या पुढे चाली पहिल्याच फेरीत देऊन टाका, म्हणजे दुसऱ्या फेरीपासून संख्या सोळा, आठ, चार अशी सरळ उतरत जाईल. आजही आपल्याकडच्या शालेय कबड्डी स्पर्धेत क्रीडाशिक्षक हेच करतात. दुसरा पेच जास्त खोल होता, आणि त्यावर बोट ठेवलं ते चार्ल्स डॉजसन या ऑक्सफर्डच्या गणितज्ञाने. जग त्याला लुईस कॅरोल या टोपणनावाने, ‘अ‍ॅलिस’च्या गोष्टीचा लेखक म्हणून ओळखतं. १८८३ साली त्याने लॉन टेनिसच्या स्पर्धांवर एक छोटी पुस्तिका काढली.

त्याचं गणित बोटांवर मोजता येईल इतकं सोपं आहे. बत्तीस खेळाडू आहेत. सर्वोत्तम खेळाडू भाग्यपत्रिकेत कुठल्या तरी एका जागी बसला. उरल्या एकतीस जागा. त्यांतल्या पंधरा त्याच्याच अर्ध्या भागात, सोळा दुसऱ्या भागात. क्रमांक दोनचा खेळाडू चुकून पहिल्या पंधरांत पडला, तर अंतिम सामन्याआधीच त्याची गाठ सर्वोत्तमाशी पडणार आणि तो घरी जाणार. म्हणजे खऱ्याखुऱ्या दुसऱ्या क्रमांकाला दुसरं बक्षीस मिळण्याची शक्यता एकतीसात सोळा, जवळपास नाणेफेकच. पहिल्या चौघांना आपापली बक्षिसं मिळण्याविरुद्धचं प्रमाण त्याने बारास एक असं काढलं. त्यावर त्याने सुचवलेला उपाय असा की आपल्यापेक्षा वरचढ तिघे निघेपर्यंत कुणालाही बाद करू नये. तो फार गुंतागुंतीचा होता, आयोजकांनी उचलला नाही. रोगनिदान मात्र अचूक होतं.

उपाय आला तो अमेरिकेतून, आणि त्याने शब्द घेतला शेतीतून. चांगले खेळाडू चिठ्ठीवर न सोडता भाग्यपत्रिकेत दूरदूर ‘सीड’ करायचे, म्हणजे पेरायचे, हा प्रयोग अमेरिकी टेनिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाला. १८९८ सालच्या तिथल्या टेनिस नियतकालिकात हा शब्द छापलेला सापडतो. चाड्यावर मूठ धरणारा कुणबी सगळं बी एकाच जागी ओतत नाही, अंतर राखून सोडतो. तसेच बलवान खेळाडू अंतरावर ठेवायचे, एकमेकांचं ऊन-पाणी आधीच खाऊ नये म्हणून. विम्बल्डनने गुणवत्तेवर आधारलेली पूर्ण पेरणी स्वीकारली ती १९२७ साली.

मराठीने या शब्दाचं भाषांतर केलं नाही, ‘मानांकन’ असा आपला शब्द घडवला. शब्द देखणा आहे, पण त्यात मातीचा वास गेला आणि मान आला. मला जुनी प्रतिमा जास्त खरी वाटते. मानांकनाचं मूळ काम कुणाला मान देणं नव्हतं, अंतर राखणं होतं.

कॉलेज बास्केटबॉलला मात्र हे शहाणपण फार उशिरा सुचलं. एनसीएए या संघटनेची पुरुषांची स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली ती आठ संघांनिशी. देशाचे आठ जिल्हे पाडलेले, प्रत्येकातून एक संघ; चार पूर्वेकडचे, चार पश्चिमेकडचे. ऑरेगनने ओहायो स्टेटला ४६-३३ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. पुढे १९५१ मध्ये सोळा संघ झाले, मग बावीस-पंचवीस, तरी रचना भूगोलानेच ठरत राहिली. पश्चिमेचा संघ पश्चिमेत खेळणार, मग तिथे स्पर्धा कडवी असो की सोपी. शिवाय एका कॉन्फरन्समधून, म्हणजे शेजारच्या विद्यापीठांच्या एका गटातून, एकच संघ जाणार.

हा नियम फुटला तो ९ मार्च १९७४ च्या रात्री, ग्रीन्सबरो इथे. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरीलँडला जादा वेळेत १०३-१०० असं हरवलं. मेरीलँड तेव्हा देशात चौथ्या क्रमांकाचा संघ गणला जात होता. जिंकलेला संघ पुढे जाऊन राष्ट्रीय विजेता झाला आणि वाटेत त्याने सलग सात वर्षांचं विजेतेपद पाठीशी असलेल्या यूसीएलएला दुहेरी जादा वेळेत नमवलं. त्या संघाला तीन गुणांच्या अंतरावर आणणारा मेरीलँड मात्र घरी. डॉजसनने एक्क्याण्णव वर्षांपूर्वी मांडलेला दुसऱ्या क्रमांकावरचा अन्याय यापेक्षा उघडा कधी दिसला नसेल. पुढच्याच वर्षी संघ बत्तीस झाले आणि एका गटातून दुसरा संघही घेण्याची मुभा मिळाली. १९७६ च्या अंतिम सामन्यात इंडियाना आणि मिशिगन हे एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ समोरासमोर आले. जुन्या नियमात हा सामना होणंच शक्य नव्हतं.

आता शेजारी संघही स्पर्धेत आले, त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणं भाग होतं. भूगोल त्या कामाचा राहिला नाही. १९७८ मध्ये अर्धी पेरणी झाली. गटविजेत्यांना वेगळे क्रमांक, निमंत्रितांना वेगळे. १९७९ मध्ये संघ चाळीस झाले आणि चारही विभागांत प्रत्येक संघाला एक ते दहा असा क्रमांक मिळाला.

त्या पहिल्या पूर्ण मानांकनाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ११ मार्च १९७९, रविवार, रॉली शहर. पूर्व विभागातला पहिला मानांकित नॉर्थ कॅरोलायना आणि दुसरा मानांकित ड्यूक, दोघेही आपल्याच राज्यात, आपल्याच प्रेक्षकांसमोर. नवव्या क्रमांकाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने नॉर्थ कॅरोलायनाला ७२-७१ असं हरवलं आणि दहाव्या क्रमांकाच्या सेंट जॉन्सने ड्यूकला ८०-७८ असं. विभागाच्या अंतिम सामन्यात शेवटी उभे राहिले ते नववा आणि दहावा, पत्रिकेतले तळाचे दोघे. पेनसिल्व्हेनिया जिंकला आणि अंतिम चौघांत गेला. दुसरीकडे पेरणी तंतोतंत उगवली: इंडियाना स्टेटचा लॅरी बर्ड आणि मिशिगन स्टेटचा मॅजिक जॉन्सन वेगवेगळ्या विभागांतून येऊन थेट अंतिम सामन्यात भेटले, आणि मिशिगन स्टेट ७५-६४ असं जिंकलं. मानांकन हे भाकीत नाही, मांडणी आहे. ती किती टिकते आणि कुठे मोडते, हे दोन्ही पहिल्याच वर्षी दिसलं.

आजचा चौसष्टांचा साचा १९८५ पासूनचा. चार विभाग, प्रत्येकात सोळा. पहिला सोळाव्याशी, दुसरा पंधराव्याशी, आठवा नवव्याशी. कुठल्याही जोडीची बेरीज सतरा. सगळे वरचढ जिंकले तर पुढच्या फेरीत प्रत्येक जोडीची बेरीज नऊ, मग पाच, मग तीन. इतकी स्वच्छ घडी मी दुसऱ्या कुठल्या स्पर्धेत पाहिलेली नाही. २००१ मध्ये पासष्टावा संघ आला, २०११ मध्ये अडुसष्ट झाले आणि आधीच्या चार सामन्यांसाठी डेटन शहर नेमलं गेलं, पण आतला सांगाडा तोच राहिला.

या घडीत एक सुरकुती मात्र आहे. आठव्या-नवव्यातला विजेता दुसऱ्याच फेरीत पहिल्या मानांकितासमोर पडतो. दहावा, अकरावा किंवा बारावा संघ मात्र एक सामना जिंकला तर पहिल्या मानांकितापासून तिसऱ्या फेरीपर्यंत तरी सुरक्षित असतो. म्हणून शेवटच्या सोळांत पोचण्याच्या बाबतीत हे खालचे संघ आठव्या-नवव्यापेक्षा सरस ठरत आले आहेत. बरा क्रमांक मिळाला म्हणून वाट सोपी होतेच असं नाही. १९८५ सालीच आठव्या मानांकित व्हिलानोव्हाने ही अवघड वाट चालून दाखवली आणि अंतिम सामन्यात २८ पैकी २२ फेक बास्केटमध्ये टाकून जॉर्जटाउनला ६६-६४ असं हरवलं. इतक्या खालून येऊन आजवर दुसरं कुणीही विजेता झालेलं नाही.

हे क्रमांक ठरवते एक निवड समिती. सदस्याच्या स्वतःच्या विद्यापीठाची चर्चा निघाली की त्याने खोलीबाहेर जायचं, असा दंडक आहे. आधी सगळ्या संघांचा एक सरळ क्रम लागतो, मग त्यांना विभागांत पेरलं जातं. वरच्या संघांना घराजवळचा विभाग मिळावा, एकाच गटातले बलवान संघ वेगवेगळ्या विभागांत जावेत, हे पाहिलं जातं. म्हणजे भूगोल गेला नाही, बक्षीस बनून परत आला. मोजमापासाठी १९८१ पासून आरपीआय हा निर्देशांक होता, २०१८-१९ च्या मोसमापासून नेट आला. महिलांच्या स्पर्धेत तर वरच्या सोळा संघांना पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्या मैदानावर खेळायला मिळतात. इथे माझा आक्षेप आहे. अंतर राखणं हा न्याय. पण अंतरही राखायचं, दुबळा प्रतिस्पर्धीही द्यायचा आणि वर घरचं मैदानही द्यायचं, हे बियाण्याला खत घालून शेजारच्या रोपाचं पाणी तोडण्यासारखं झालं. म्हणूनच १४ मार्च १९९८ ची रात्र मला मोलाची वाटते. सोळाव्या मानांकित हार्वर्डच्या मुलींनी पहिल्या मानांकित स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानात ७१-६७ असं हरवलं. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू जायबंदी होत्या हे खरं, पण हार्वर्डच्या अ‍ॅलिसन फीस्टरने एकटीने ३५ गुण केले हेही तितकंच खरं.

पुरुषांत सोळाव्याने पहिल्याला हरवायला त्यानंतर आणखी वीस वर्षं जावी लागली. १९८५ पासून १३५ वेळा पहिला मानांकित जिंकला होता. १६ मार्च २०१८ रोजी यूएमबीसी या बाल्टिमोरजवळच्या विद्यापीठाने व्हर्जिनियाला ७४-५४ असं झोपवलं. मध्यंतराला गुण होते २१-२१. व्हर्जिनिया नुसता आपल्या विभागात पहिला नव्हता, सगळ्या ६८ संघांत पहिला होता. दुसऱ्यांदा असं झालं २०२३ मध्ये, जेव्हा फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ असं हरवलं. हा संघ स्वतःच्या गटाचा अंतिम सामनाही एका गुणाने हरलेला. जिंकलेला मेरिमॅक नियमाने अपात्र होता, म्हणून याला जागा मिळाली. उंचीने तो पहिल्या श्रेणीतला सगळ्यांत बुटका संघ, आणि समोर पर्ड्यूचा सात फूट चार इंचांचा झॅक एडी. क्रमांक नसते तर हा मार्चमधल्या अनेक सामन्यांतला एक ठरला असता. एक आणि सोळा हे दोन आकडे शेजारी छापलेले होते म्हणून ज्यांनी कधी बास्केटबॉल पाहिला नव्हता त्यांनाही काय घडलं ते कळलं.

व्हर्जिनियाला २०१९ मध्ये पुन्हा पहिलं मानांकन मिळालं आणि पुन्हा समोर सोळावा संघ आला, गार्डनर-वेब. पूर्वार्धात व्हर्जिनिया १४ गुणांनी मागे पडला. तो सामना त्यांनी ७१-५६ असा जिंकला, आणि ८ एप्रिलला टेक्सास टेकला जादा वेळेत हरवून त्या विद्यापीठाचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद घरी नेलं.